एक अक्षर जास्त

जेवणाच्या सुट्टीत माझा फोन अंगठ्याला उघडत नाही.
फोडणीच्या टेबलावर सात वर्षं गेली,
काजूच्या चिकाने बोटांवरच्या रेषा खाल्ल्या.
अंगठा ठेवला की म्हणतो, ओळखलं नाही.
मग आकडे दाबायचे. फिलूच्या बापाच्या होडीचा नंबर,
तेवढाच आम्हां सगळ्यांना पाठ.

उभ्यादांड्याच्या ह्या कारखान्यात इंग्रजी मलाच येतं,
बारावीपर्यंतचं, अडखळत.
म्हणून मी वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
जपानातली चित्रं, उजवीकडून डावीकडे,
एक साहेब, एक नवा कारकून,
दोघे पुरुष, दोघांच्या पापण्या आमच्यापेक्षा लांब.

पहिल्या भागात साहेबाने छत्री दिली.
दुसऱ्यात कारकुनाचा फोन तपासला.
"काळजी आसा गो तेका," दर्शना म्हणाली.
तिसऱ्यात त्याच्या खोलीची चावी करून घेतली, न विचारता.
फिलू म्हणाली, "माझो घोव म्हयनो म्हयनो फोन करीत नाय,
ह्यो बघ, चावी करून घेता!"
कामाला बसल्यावरही आम्ही हसतच होतो.
पाकळी अख्ख्यात गेली,
मुकादमाने टोपली परत पाठवली.

चौथ्या भागात दार लागलं.
चौकट भरून फक्त कारकुनाचं मनगट,
साहेबाच्या मुठीत,
आणि वर पांढऱ्या फुग्यात दोन अक्षरं.
मी वाचलं,
"नको रे."

"अगो बाय," म्हणत दर्शनाने तोंडाला पदर लावला.
पुढच्या पानावर फुलंच फुलं.
ह्या गोष्टींत फुलं कुठूनही येतात,
बंद दाराच्या आतूनसुद्धा.

विजेता भिंतीकडे तोंड करून डबा खाते, रोज.
तिने मान वळवली नाही.
"रे लिवलेला आसा?"
नाही.
"मगे?"

मगे काय.
नुसतं 'नको' फार कोरडं वाटलं जिभेला.
म्हणून जरा खोबरेल लावलं,
फोडायला बसण्याआधी हातांना लावतो तसं,
भाजू नये म्हणून.
कोणाला भाजू नये, ते मी तेव्हा बघितलं नाही.

दर्शना म्हणाली, चित्रं ती, चित्रांक खंय दुखता?
फिलू चिडली, विजेतावर की स्वतःवर, कळेना.
"माका म्हायत आसा ह्या बरोबर नाय. तरी आवडता.
दिवसभर बरोबरच वागतंय मी,
अर्धो तास तरी सोडा माका."
आणि तिचंही मला पटलं.
तीच तर माझी पंचाईत.

दारात लवू उभा होता, पाठीवर गोणी.
कधीपासून, देव जाणे.
"त्या गोष्टीत तुमी खंय नाय,
म्हणान गोड लागता."
गोणी उतरवली, काट्यावर सरळ केली.
"मी आसंय."

साहेब की कारकून, कोणी विचारलं नाही.
त्याच्या मनगटाकडे मात्र सगळ्यांनी बघितलं.
सुतळीचा वळ असेल,
सुतळीच वाहतो तो दिवसभर.
मग आपापल्या डब्यात बघितलं,
सोलकढीवर साय धरली होती.

संध्याकाळी बंदरावर बसून पाचवा भाग उघडला.
हो, उघडला.
साहेब जिना चढून येतो,
आणि माझ्या छातीत अजून तसंच होतं
जसं सोमवारी झालं होतं, काही कळायच्या आधी.
तिथेच थांबून मागे गेले, चौथ्यावर,
फुग्यावर बोटं ताणून अक्षरं मोठी केली.
दोनच. आपल्याकडेही दोनच.
उद्या वाचायचं तर असंच वाचायचं म्हणून
मोठ्याने म्हणून बघितलं,
नको.
लाडात गेलं. पुन्हा,
नको.

जाळं शिवणारे तुकारामकाका मान वर करून म्हणाले,
"काय नको गो?"
मला सांगता येईना.